गुरांच्या रोगाचे मूळ शोधणारे डॉ. रॉबर्ट कॉख

क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे डॉ. रॉबर्ट कॉख यांचे नाव आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या कार्याचा आरंभ गुरांच्या रोगापासून झाला, हे थोड्यांनाच माहीत असते. ती हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. १८६६ मध्ये ग्यॉटिंगेन येथे ते डॉक्टर झाले. १८७२ साली वोलस्टाइन या लहान गावी सरकारी डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. त्या भागात गुरेमेंढरे काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, पटापट मरत. आपल्याकडे या रोगास फाशी असेही म्हणतात. ठरावीक कुरणांत तो वर्षानुवर्षे पुन्हा उद्भवे. कारण कोणास उमगत नसे.

मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जंतू असतात, हे इतरांनी आधीच पाहिले होते. पण तेच रोगाचे कारण होत, हे सिद्ध झाले नव्हते. कॉख यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते घरीच सूक्ष्मदर्शक घेऊन बसत. लाकडाच्या बारीक काडीने त्यांनी दूषित रक्त उंदरास टोचले. उंदीर मेला व त्याच्या प्लीहेत तेच जंतू आढळले. त्या उंदरावरून दुसऱ्यास, दुसऱ्यावरून तिसऱ्यास, असे त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले. मग बैलाच्या डोळ्यातील निर्मळ द्रवात त्यांनी जंतू वाढविले. त्या काड्यांचे लांब तंतू झाले व तंतूंत चिवट बीजाणू तयार झाले. हे बीजाणू मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. कुरणांचे कोडे असे उलगडले! १८७६ मध्ये ब्रेस्लाउ येथील प्राध्यापक कोन यांस त्यांनी हे सारे प्रत्यक्ष दाखविले, तेव्हा विद्वानांची खात्री पटली.

या ज्ञानाचा उपयोग आजही होतो. जनावर अचानक दगावले व नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर शव फाडू नये. हवा लागताच बीजाणू तयार होतात. पशुवैद्य कानाच्या शिरेतील थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन रंगवितात. निळ्या काड्यांभोवती गुलाबी वेष्टन दिसले की रोग ओळखला जातो.

पुढे १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तर १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईसही आले. १९०५ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी ते निवर्तले.

परंतु एक गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. १८९० साली पुरती खात्री होण्याआधीच त्यांनी ट्युबर्क्युलिन हे क्षयावरील औषध म्हणून जाहीर केले, आणि ते कशाचे बनले आहे हे गुप्त ठेवले. आशेने आलेल्या अनेक रोग्यांची प्रकृती बिघडली, काही दगावले. वोलस्टाइनमधला धीर बर्लिनमध्ये सुटला होता. औषध म्हणून ते निरुपयोगी ठरले. मात्र गाईम्हशींतील क्षय ओळखण्यासाठी पशुवैद्य आजही ट्युबर्क्युलिनच टोचतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, मुलांना ही कथा सांगताना तिची दुसरी बाजूही सांगावी. पुन्हा पुन्हा पडताळून पाहण्याचे मोल त्यांस त्यातूनच कळेल.