कोकणचे गांधी : अप्पासाहेब पटवर्धन

संत गाडगेबाबा आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. दिवसा खराट्याने गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडणारे बाबा महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांनाही निदान नावाने माहीत असतात. त्याच काळात कोकणात आणखी एक माणूस स्वच्छतेच्या प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडला होता. गाव झाडले, कचरा गोळा झाला, पण माणसाचा मैला कोण उचलणार? उचलणारा एका ठराविक जातीचाच का? आणि कोणालाच उचलावा लागू नये अशी सोय करता येईल का? या तीन प्रश्नांसाठी त्यांनी जवळजवळ सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन. कोकणात त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणत. आपल्यापैकी ज्यांची मुळे तळकोकणात आहेत, त्यांनी हे नाव वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. इतरांना आणि आपल्या अमराठी सहकाऱ्यांना त्यांचा परिचय व्हावा, यासाठी हा लेख.

प्राध्यापकी सोडली

अप्पासाहेबांचा जन्म 4 नोव्हेंबर 1894 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. अभ्यासात ते हुशार होते. एम.ए. होऊन ते पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात प्राध्यापक झाले. हेच कॉलेज पुढे स. प. महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्या काळी एम.ए. झालेल्या प्राध्यापकाला समाजात मोठा मान होता. आयुष्य सुखात आणि प्रतिष्ठेत गेले असते. पण गांधीजींच्या विचारांनी त्यांना ओढून घेतले. नोकरी सुटली, साबरमतीच्या आश्रमाशी संबंध जडला आणि पुढे कोकण हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद अप्पासाहेबांनी केला. अनेक मराठी घरांत ही आत्मकथा पोचली ती त्यांच्याच शब्दांतून. तिच्यात 1901 सालच्या कलकत्ता काँग्रेसचा प्रसंग येतो. देशभरातून जमलेल्या प्रतिनिधींच्या निवासस्थानी संडासांची फार वाईट अवस्था होती, आणि ते साफ करणे आपले काम आहे असे कोणालाच वाटत नव्हते. गांधीजींनी स्वतः झाडू हातात घेतला. अप्पासाहेबांनी हा प्रसंग मराठीत आणला आणि पुढे तो स्वतः जगून दाखवला.

रत्नागिरीचा तुरुंग

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत अप्पासाहेबांना शिक्षा झाली आणि 1932 साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातही जातीप्रमाणे कामे वाटलेली असत. संडास साफ करण्याचे काम ज्यांची जात पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली, त्याच कैद्यांच्या वाट्याला येई. अप्पासाहेबांनी हे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. तुरुंगाच्या नियमात ते बसेना. वरच्या जातीच्या कैद्याला हे काम देता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. कष्टाचे काम टाळण्यासाठी भांडणारे कैदी तुरुंगाधिकाऱ्यांनी खूप पाहिले असतील. सर्वांत हलके मानलेले काम मिळावे म्हणून अन्न कमी करणारा कैदी मात्र त्यांना नवा होता.

ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना समजली. पुणे करार होऊन तेव्हा फार दिवस लोटले नव्हते. अस्पृश्यतानिवारणाच्या कामात आपल्या सहकाऱ्याची अशी अडवणूक व्हावी, हे त्यांना सहन झाले नाही. 3 डिसेंबर 1932 रोजी त्यांनी अप्पासाहेबांना पाठिंबा म्हणून उपोषण सुरू केले. सरकारने या प्रश्नात लक्ष घालण्याचे आश्वासन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते सुटले. पुढे सरकारने नमते घेतले आणि स्वेच्छेने मागणाऱ्या कैद्यांना हे काम देण्याचा मार्ग मोकळा झाला.

एक प्राध्यापक तुरुंगात संडास धुण्याच्या हक्कासाठी उपाशी राहतो, ही गोष्ट आज वाचताना थोडी विचित्रही वाटते. पण त्यातला मुद्दा साधा होता. काम घाण नसते, घाण असते ती काम जातीवर लादण्याची रीत. ती रीत मोडायची तर मान असलेल्या माणसाने त्या कामात हात घातला पाहिजे, असे अप्पासाहेबांचे गणित होते.

मेलेली गुरे कोण ओढणार?

1927 साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी सर्वांसाठी खुले व्हावे म्हणून सत्याग्रह केला. मेलेली गुरे ओढणे, मृत मांस खाणे अशा लादलेल्या गोष्टी सोडून द्या, असेही त्यांनी आपल्या समाजाला सांगितले. कोकणातल्या अनेक गावांत ही कामे हळूहळू बंद पडली. गावकऱ्यांनी चिडून त्रास दिला, बहिष्कार घातले. पण गोठ्यात मेलेली म्हैस कोणी ओढायची, या प्रश्नाला गावाजवळ उत्तर नव्हते.

अप्पासाहेबांनी उत्तर दिले ते कृतीने. ज्याचे गुरू त्याने ओढावे, आणि लाज वाटत असेल तर आम्ही येतो, अशी त्यांची भूमिका होती. ते आणि त्यांचे सहकारी मेलेली गुरे सोलायला शिकले. कातडे, हाडे, मांस यांतले काहीही वाया जाऊ नये, हाडामांसाचे खत व्हावे आणि कातडे कमावले जावे, यासाठी त्यांनी चर्मालय चालवले. नातेवाइकांनी आणि गावकऱ्यांनी किती नावे ठेवली असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

गोपुरी

1948 साली कणकवलीजवळ वागदे येथे अप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम उभा केला. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1981 साली. या आश्रमात त्यांच्या विचाराने पुढचे पाऊल टाकले, आणि आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम तेच आहे.

एका ब्राह्मणाने मैला उचलला म्हणून रोज उचलणाऱ्याचे ओझे उतरत नाही. तुरुंगातल्या लढ्याने मनाला धक्का बसला, पण शहरांत टोपलीचे संडास तसेच होते आणि पहाटे मागच्या दाराने येणारी बाईही तीच होती. खेड्यात तर संडासच नव्हते. लोक टमरेल घेऊन परसाकडे, ओढ्याकाठी, माळावर जात. कोकणात पाऊस धो धो पडतो. उघड्यावरचा सारा मैला वाहून ओढ्यात, तळ्यात आणि विहिरीत जातो. जांभा दगड सच्छिद्र असल्याने वरचे पाणी झटकन खाली झिरपते. मग पटकी, हगवण, विषमज्वर. अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून जंत शरीरात शिरत ते वेगळेच. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आणि संडासाचा प्रश्न हे दोन नव्हतेच. एकाकडे दुर्लक्ष करून दुसरा सुटणे शक्य नव्हते.

शहरासारखी भुयारी गटारे खेड्याला परवडणार नव्हती, आणि संडासात ओतायला घागरीने आणलेले पाणी कोण देणार? म्हणून अप्पासाहेबांनी जवळ जे होते त्याचा विचार केला. कोकणात पालापाचोळा भरपूर, माती भरपूर, आणि पावसाने धुपलेल्या शेताला खताची सदा ओढ. त्यातून ‘गोपुरी संडास’ आकाराला आला. त्याची कल्पना सोपी आहे. शेजारी शेजारी दोन उथळ टाक्या बांधायच्या. एक वापरात ठेवायची. प्रत्येक वापरानंतर वर माती, राख, पालापाचोळा टाकायचा. त्यामुळे माश्या बसत नाहीत आणि दुर्गंधी येत नाही. ती भरली की बंद करायची आणि दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतल्या मैल्याचे मातीसारखे खत झालेले असते. त्याला घाण येत नाही, ते हाताळताना किळस वाटत नाही. शेतकरी ज्याला सोनखत म्हणतो ते हेच.

यातली खरी किमया काळाची आहे. ताज्या मैल्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. त्याला पुरेसे महिने मुरू दिले की ती मरतात. एकच खड्डा असेल तर तो भरल्यावर ताजा मैला कोणाला तरी उपसावाच लागतो. दोन असले की थांबायला वेळ मिळतो. म्हणजे दुसरी टाकी हा चैनीचा भाग नाही. त्या दुसऱ्या टाकीमुळे एका माणसाच्या डोक्यावरची टोपली खाली उतरते. जो प्रश्न अप्पासाहेबांनी आधी उपोषणाने मांडला, तो त्यांनी गोपुरीत विटा, माती आणि पाचोळा घेऊन सोडवायला घेतला.

मैल्यापासून गॅस निर्माण करण्याच्या संयंत्रावरही त्यांनी प्रयोग केले. मैला, शेण, कातडे, हाडे यांतले काहीही टाकाऊ नाही, टाकाऊ आहे ती आपली नजर, हा धागा त्यांच्या सगळ्या उद्योगांतून दिसतो. सफाई कामगारांना या कामातून मुक्त करण्याच्या चळवळीसाठी त्यांनी उतारवयातही खूप कष्ट घेतले. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे. 10 मार्च 1971 रोजी, वयाच्या 76व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

देहूचे डॉक्टर

अप्पासाहेबांचे काम कोकणातच राहिले असे नाही. 1960च्या सुमारास तुकोबांच्या देहूत, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. मापुसकर नावाचे तरुण डॉक्टर आले. गावात संडास जवळजवळ नव्हतेच. औषधे देऊन पोटाचे आजार हटेनात. डॉक्टरांनी लोकांच्या मागे लागून काही संडास बांधून घेतले, आणि पहिल्याच पावसात ते खचले. लोक अर्थातच रागावले. दुसरा कोणी असता तर बदली मागून निघून गेला असता. डॉ. मापुसकर मार्ग शोधत राहिले आणि त्यांना अप्पासाहेबांचे मार्गदर्शन लाभले. जमीन, पाणी आणि लोकांची सवय पाहून संडासाचा नमुना निवडावा लागतो, हे त्यांनी जाणले. पुढची कित्येक दशके ते देहूत राहिले आणि घरोघर संडास झाले. अप्पासाहेबांच्या गॅस संयंत्रात सुधारणा करून त्यांनी ‘मलप्रभा’ हे संयंत्र तयार केले. 2017 साली डॉ. मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. दिवा असा एकाकडून दुसऱ्याकडे गेला.

आज

अप्पासाहेबांच्या निधनाला अर्धशतक उलटून गेले आहे. या काळात खूप काही घडले. 2000-01 पासून महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. 2014 साली देशभर स्वच्छ भारत अभियान आले आणि खेड्यापाड्यांत कोट्यवधी शौचालये बांधली गेली. त्यात दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयावर भर देण्यात आला. एक भरला की बंद करायचा आणि दुसरा वापरायचा, हे त्यामागचे तत्त्व गोपुरीतल्या दोन टाक्यांचेच. हाताने मैला साफ करायला लावण्यावर 1993 साली कायद्याने बंदी आली आणि 2013 साली अधिक कडक कायदा झाला.

तरीही काम संपलेले नाही. अनेक ठिकाणी खर्च वाचवण्यासाठी एकच खड्डा किंवा बंद टाकी बांधली जाते. ती भरली की उपसायला माणूस बोलावला जातो, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो हे आपल्याला सांगायला नको. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरून विषारी वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या आजही येतात. संडास किती बांधले याची मोजदाद होते. भरल्यावर ते कोण उपसतो, हा अप्पासाहेबांचा प्रश्न मात्र मोजदादीत येत नाही.

आपण मराठी माणसे नोकरी-धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यात स्थायिक झालो. घर बांधताना देवघराची दिशा आपण आवर्जून विचारतो. संडासाची टाकी कोठे आहे, विहिरीपासून वा बोअरपासून किती दूर आहे, ती यंत्राने उपसली जाते की कोणाला आत उतरवले जाते, हेही तेवढ्याच आवर्जून विचारायला हवे. गावाकडच्या घराची डागडुजी काढली असेल तर दुसऱ्या खड्ड्याचा खर्च वाचवू नये. आणि उत्सवाच्या दहा दिवसांत मांडवामागची तात्पुरती स्वच्छतागृहे जे साफ ठेवतात, त्यांना हातमोजे, गमबूट आणि योग्य मेहनताना मिळतो की नाही, हे पाहणे कार्यकारिणीइतकेच आपणा प्रत्येकाचे काम आहे. आरतीच्या वेळी तेही आपल्या रांगेत, आपल्या शेजारी उभे असावेत.

बाप्पा बुद्धीची देवता आहे. अप्पासाहेबांनी आपली बुद्धी लोक नाक मुरडतात त्या ठिकाणी वापरली आणि तेथून माणसाची प्रतिष्ठा शोधून आणली. कोकणच्या या थोर सुपुत्राच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

गणपती बाप्पा मोरया!