पहिल्या लिंकच्या पुढचे सीडी

मी पेणची, आणि माझं आजोळ रोह्याचं. सी. डी. देशमुखांचं घराणं रोह्याचं, हे लहानपणापासून ऐकत आले. म्हणून वक्तृत्व स्पर्धेला तोच विषय घेतला. नेटवर सर्च मारला, पहिल्या दोन लिंक कॉपी केल्या, दहा मिनिटांत भाषण तयार! परीक्षकांनी विचारलं, केंब्रिजला ते काय शिकले? मी ठासून सांगितलं, अर्थशास्त्र. साफ चूक!

सुट्टीत मामांनी मला वाचनालयात नेलं. तिथे चिंतामणरावांचं १९७४ चं इंग्रजी आत्मचरित्र मिळालं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. आठ दिवस ते पुरवून वाचलं.

जन्म १४ जानेवारी १८९६, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला विज्ञान घेतलं आणि वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवलं. १९१८ साली आयसीएसला पुन्हा पहिले. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली अर्थमंत्री झाले. १९५२ साली आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून मंत्रिपद सोडलं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं.

पुढे ग्रंथपाल काकांनी अजून एक गोष्ट दाखवली. राजीनाम्यानंतर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच काळात, १९५७ साली, आयोगाने डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. कॉलेजची लायब्ररी कशी असावी, याचा तिने विचार केला. म्हणजे आपण ज्या लायब्ररीत फक्त एसीसाठी बसतो, तिची काळजी या रोहेकराच्या कारकिर्दीत वाहिली गेली होती!

खरं सांगायचं तर वनस्पतिशास्त्राचं नेटवरही होतं. मीच पुढे गेले नाही. नेटवर मी गव्हर्नर शोधला, गव्हर्नरच मिळाला. पुस्तकात मात्र न शोधलेला माणूस भेटला. काकांनी त्यांचा मेघदूताचा मराठी अनुवादही हातात ठेवला. तो मात्र मला अजून जड जातोय. शब्दागणिक आजीला विचारते.

सेमिनारच्या आदल्या रात्री कॉपी-पेस्ट करणाऱ्या माझ्या होस्टेलच्या भावंडांनो, नेटवर पत्ता जरूर शोधा. पण घरात शिरायला लायब्ररीची पायरी चढा. परीक्षकांचा पुढचा प्रश्न तुम्हालाच आहे!