शल्यविशारद घडवणारा शल्यविशारद

एमबीबीएस झालेला डॉक्टर ‘नीट-पीजी’ देतो, क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकानुसार एमडी किंवा एमएसची जागा मिळते. मग तीन वर्षे तो ‘रेसिडेन्ट’ असतो. हा शब्द मुळात शब्दशः खरा होता. रुग्णालयाच्या आवारातच ज्याचा मुक्काम, तो रेसिडेन्ट. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात ही पद्धत रुजवली ती अमेरिकी शल्यविशारद विल्यम स्ट्युअर्ट हॉल्स्टेड यांनी.

हॉल्स्टेड यांचा जन्म 1852 मध्ये न्यूयॉर्कमधील एका सधन घरात झाला. येल महाविद्यालयात ते फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणून ओळखले जात. अभ्यासात मात्र बेताचे होते. केवळ महाविद्यालयातील गुण पाहून निवड करायची असती, तर त्यांच्याकडे कोणाचे लक्षही गेले नसते. अखेरच्या वर्षात शरीररचनेच्या पुस्तकाने त्यांना झपाटले आणि ते वैद्यकाकडे वळले. 1877 मध्ये ते डॉक्टर झाले.

त्या काळी अमेरिकेत पदवीनंतर शस्त्रक्रिया शिकण्याची ठरलेली वाट नव्हती. रुग्णालयात वर्ष-दीड वर्ष काढायचे, एखाद्या नामांकित सर्जनच्या हाताखाली मिळेल ते पाहायचे आणि स्वतःचा व्यवसाय थाटायचा, अशी रीत होती. पुढचे शिक्षण रुग्णाच्या शरीरावरच होई. 1878 ते 1880 या काळात हॉल्स्टेड युरोपात होते. व्हिएन्नात बिलरोथ, हालेमध्ये फोल्कमान अशा दिग्गजांचे काम त्यांनी पाहिले. तेथे तरुण सहायक वर्षानुवर्षे गुरूच्या विभागात राहत, संशोधन करत आणि हळूहळू जबाबदारी पेलत. हे त्यांच्या मनात पक्के बसले.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांचे नाव झाले. 1884 मध्ये कोकेनमुळे डोळा बधिर होतो, हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी दाखवून दिले. हॉल्स्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मज्जातंतूजवळ टोचून शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याचे प्रयोग केले, तेही स्वतःवर. आजच्या ‘नर्व्ह ब्लॉक’चा पाया त्यातून घातला गेला, पण प्रयोग करणारे व्यसनात अडकले. हॉल्स्टेड यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कोकेनच्या जागी मॉर्फिन आले आणि ते पुढेही सुटले नाही, हे जगाला 1969 मध्ये विल्यम ऑस्लर यांची बंद ठेवलेली टिपणे उघडल्यावर कळले.

न्यूयॉर्कमधील कारकीर्द संपली होती. त्यांचे मित्र, विकृतिशास्त्रज्ञ विल्यम वेल्च यांनी त्यांना बाल्टिमोरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावले. 1889 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि शस्त्रक्रिया विभाग हॉल्स्टेड यांच्याकडे आला. शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजे तिथलेच. जंतुनाशकाने परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात सोलवटले, म्हणून त्यांनी ते बनवून घेतले. 1890 मध्ये या दोघांचा विवाह झाला.

त्यांनी उभारलेल्या प्रशिक्षणाचा आकार पिरॅमिडचा होता. तळाशी अनेक तरुण, दर पायरीवर गाळणी आणि टोकाला एकच मुख्य रेसिडेन्ट. साधारण सहा वर्षे सहायक म्हणून आणि दोन वर्षे मुख्य म्हणून. पण मुदत निश्चित नव्हती. वर जाण्याची हमीही नव्हती. कोण तयार झाला हे हॉल्स्टेड ठरवत. निवड एका दिवसाच्या परीक्षेवर नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या निरीक्षणावर होई. 1904 मध्ये येल येथील व्याख्यानात त्यांनी ही पद्धत सविस्तर मांडली.

त्यांची पारख अनेकदा अचूक ठरली. हार्वे कुशिंग आणि वॉल्टर डँडी मेंदूच्या शस्त्रक्रियेतील अग्रणी झाले. ह्यू यंग या तरुणाला त्यांनी अचानक मूत्ररोग विभाग सांभाळायला सांगितले. आपल्याला त्यातले काही येत नाही, असे यंग यांनी सांगूनही निर्णय बदलला नाही. पुढे यंग त्या शाखेचे मोठे नाव ठरले.

याची किंमतही होती. तेहतीस वर्षांत मुख्य रेसिडेन्ट झाले अवघे 17, आणि तेही सारे पुरुष. मधल्या पायरीवर थांबलेल्यांना अर्धवट शिक्षण घेऊन बाहेर पडावे लागे. दाद मागायला दुसरी जागा नव्हती. आणि सारे ज्यांच्या नजरेवर अवलंबून, ते हॉल्स्टेड अबोल होते आणि पुष्कळदा महिनोन्‌महिने रुग्णालयाबाहेर असत. त्या काळात भार शिष्यांवर पडे. त्यातून ते तयारही होत.

1922 मध्ये पित्तमार्गाच्या विकारासाठी हॉल्स्टेड यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती त्यांच्याच शिष्यांनी केली. त्यानंतरच्या गुंतागुंतीत 7 सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे बॉस्टनमध्ये एडवर्ड चर्चिल यांनी पिरॅमिड मोडून, घेतलेल्या बहुतेकांना पूर्ण शिक्षण देणारी पद्धत आणली. 1952 पासून अमेरिकेत उमेदवार आणि रुग्णालये या दोघांच्या पसंतीक्रमावरून पदवीनंतरच्या जागांची जुळणी होऊ लागली. एकाच माणसाच्या मर्जीवरचे अवलंबन कमी झाले. आपल्याकडच्या गुणवत्ता यादीतही वशिल्याला वाव कमी आहे. मात्र हाताचे कौशल्य, संयम आणि रुग्णाजवळची वागणूक त्या यादीत उमटत नाही. ती पारखण्याचे काम आजही निवासी डॉक्टर घडवणाऱ्या शिक्षकांनाच प्रवेशानंतरच्या तीन वर्षांत करावे लागते.