दोरीशिवाय चालणारी होडी

कागदाची होडी पाण्यात सोडली की तिच्यावरची मुलाची सत्ता संपते. माथेरानच्या डोंगरावरून पावसाचे लोट नेरळच्या ओढ्यानाल्यांत उतरू लागले की हा अनुभव तेथील प्रत्येक पिढी घेत आली आहे. होडी वाहते, गिरकी घेते, दगडाला अडते. काठावरचे मूल नुसते पाहत राहते. दोरा बांधावा तर तिची मोकळीक जाते. दोरा नसावा आणि तरीही होडीने काठावरच्या माणसाचे ऐकावे, ही इच्छा बालिश वाटण्याजोगी खरी. परंतु ती प्रथम पुरी केली ती निकोला टेस्ला या विद्युत्शास्त्रातील थोर संशोधकाने. आज मोटार, बॅटरी आणि रेडिओ-संच जमवून आपली पहिली होडी बांधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने या पूर्वसूरीची ओळख करून घ्यावी, अशीच त्याची जीवनकथा आहे.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात झाला. हे खेडे त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात मोडते. वडील सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मोपदेशक. आई शाळेत गेलेली नव्हती. परंतु घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः घडवीत असे. आपल्या अंगची कल्पकता आईकडून आली, असे टेस्ला पुढे आवर्जून सांगत. ओढ्यात पाती नसलेले पाणचक्र फिरवून पाहणारा हा मुलगा १८७५ मध्ये ग्राट्झच्या तंत्रविद्यालयात दाखल झाला. पदवी मात्र त्याने पुरी केली नाही.

१८८२ साली बुडापेस्टमध्ये असताना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना त्यांना स्फुरली. दिशा सतत पालटणाऱ्या, म्हणजे ए.सी. प्रवाहावर मोटार चालविण्याची ती किल्ली होती. १८८४ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि काही महिने एडिसनच्या पदरी राहिले. तेथून बाहेर पडल्यावर पोटासाठी खड्डे खणण्याचेही काम त्यांना करावे लागले. परंतु १८८८ साली त्यांच्या मोटारीची एकस्वे वेस्टिंगहाऊस यांनी घेतली, आणि १८९६ मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्यावरील वीज बफेलो शहराला पोहोचली. त्या विजेचा प्रवाह टेस्ला यांच्या पद्धतीचा होता.

या घटनेचा कर्जत-खालापूरशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण केली व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. डोंगरातली वीज दूरच्या शहराला पुरविणे शक्य झाले ते ए.सी. प्रवाहामुळेच. नेरळच्या आसमंतातून जाणाऱ्या तारांवर टेस्ला यांचे नाव कोठे लिहिलेले नाही, इतकेच.

होडीचा प्रयोग त्यानंतरचा. मार्च १८९५ मध्ये आगीत त्यांची प्रयोगशाळा भस्मसात झाली होती. त्यातून पुन्हा उभे राहून त्यांनी बिनतारी लहरींवर काम आरंभिले. लहरींच्या योगे दूर अंतरावरून घंटा वाजविण्याचे व दारू पेटविण्याचे प्रयोग त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीही करून दाखविले होते. टेस्ला यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. धावत्या वस्तूला तिचा मार्ग क्षणोक्षणी पालटावयास लावण्याचे त्यांनी ठरविले. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या विद्युत् प्रदर्शनात पाण्याच्या हौदावर त्यांची लोखंडी होडी तरंगू लागली.

तिच्या पोटात बॅटरी होती, पंखा फिरविणारी एक मोटार होती आणि सुकाणू वळविणारी दुसरी. माथ्यावरच्या दांड्यावर लहर पकडली जाई. लहर आली की धातूच्या कणांनी भरलेली एक डबी विजेला वाट करून देई, आणि लगेच डबी उलटून ते कण पुन्हा मोकळे होत. प्रत्येक लहरीगणिक आतील यंत्रणा एकेक घर पुढे सरके आणि सुकाणू डावीकडे, मध्यावर वा उजवीकडे येई. होडीवरील दिवेही हुकमासरशी उघडझाप करीत. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना ही जादू वाटली. आत शिकविलेले माकड बसविले असावे, असाही तर्क झाला. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी या शोधाला अमेरिकेत एकस्व मिळाले.

त्या वर्षी अमेरिकेचे स्पेनशी युद्ध झाले होते. होडीत सुरुंग भरून ती शत्रूच्या जहाजावर सोडता येईल, हे टेस्ला यांना स्पष्ट दिसत होते. अशी अस्त्रे सर्वांच्या हाती आली की युद्धच अशक्य होईल, अशी त्यांची समजूत होती. अमेरिकेच्या आरमाराने त्या वेळी या शोधाचा स्वीकार केला नाही. तथापि समजूत खोटी ठरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये काळ्या समुद्रातील सेवास्तोपोल बंदरावर बिननाविकांच्या होड्यांनी हल्ला चढविला, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीची ती कल्पना पूर्णपणे साकार झाली होती. युद्ध मात्र थांबलेले नव्हते. शांतता यंत्राच्या शक्तीतून आपोआप उपजत नाही, एवढा धडा या थोर माणसाच्या चुकीतून घ्यावयास हवा.

त्यांचे उत्तरायुष्य उतरणीचे होते. १९०१ मध्ये धनाढ्य मॉर्गन यांच्या दीड लाख डॉलरांच्या आधारावर त्यांनी न्यूयॉर्कजवळ बिनतारी संदेशांसाठी प्रचंड मनोरा उभारावयास घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मार्कोनी यांनी अटलांटिकपार संकेत मिळविला. पुढे टेस्ला यांचा पैसा आटला आणि १९१७ साली मनोरा पाडला गेला. हॉटेलांची बिले थकत गेली. उद्यानातील कबुतरांना दाणे टाकण्यात वृद्धपणीचे दिवस गेले. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील खोलीत त्यांचा एकाकी मृत्यू झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, टेस्ला आदींचे आधीचे काम लक्षात घेऊन, मार्कोनींच्या एका महत्त्वाच्या एकस्वातील मुख्य दावे रद्द ठरविले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव मिळाले. हा न्याय पाहावयास ते हयात नव्हते.

योगायोग असा की त्यांच्या मृत्यूच्या पाचच दिवस आधी, २ जानेवारी १९४३ रोजी, सिद्धगडावर माथेरानचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले होते. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून परकी सत्तेची कोंडी केली होती. तारेतील वीज तीच. ती कोणाच्या कामी येते, हा प्रश्न त्या तरुणांनी प्राण पणाला लावून विचारला. होडी कोणाच्या हुकमाने आणि कशासाठी चालावी, हा प्रश्न त्याहून वेगळा नाही.

म्हणूनच ही होडी शाळेत बांधली जाणे अगत्याचे आहे. एन.सी.सी.च्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनविण्याचे शिक्षण दिले जाते. परंतु त्याचा लाभ थोड्यांनाच होतो. तयार खेळणे विकत आणणाऱ्या मुलाला कळ दाबणे तेवढे कळते. स्वतः बांधणाऱ्याला प्रथम अपयश भेटते, आणि तेथूनच शिक्षण सुरू होते. पंख्याच्या दांड्यालगत पाणी शिरते, तेव्हा नळीत वंगण भरावे लागते हे कळते. बॅटरी उंचावर ठेवली की होडी कलंडते. ती तळाशी व मध्यावर ठेवली की स्थिर होते. रेडिओ-संचाची तार पाण्याखाली गेली की संकेत हरवतो. संकेत हरवताच मोटार आपोआप थांबावी, अशी योजना का करतात, हे एकदा होडी हाताबाहेर गेल्यावाचून पटत नाही. वर्गातील भारकेंद्र, उत्प्लावक बल आणि तरंगलांबी हे शब्द येथे हाताला लागतात.

यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. सपाट तळाचा साधा सांगाडा, सुकाणू, दोन लहान मोटारी आणि साध्यातला रेडिओ-संच एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिली चाचणी उल्हास नदीच्या प्रवाहात न घेता शाळेच्या पाण्याच्या हौदात घ्यावी. टेस्ला यांची होडीही हौदातच चालली होती. मात्र शिक्षकाने होडीबरोबर तिच्या निर्मात्याचे चरित्रही सांगावे, त्याच्या प्रतिभेसह आणि त्याच्या चुकीसह. होडी आपल्या हुकमाने वळली, याचा आनंद मुलाला होईलच. हुकूम देणाऱ्यावर येणारी जबाबदारीही त्याच वेळी त्याच्या ध्यानी यावी.