न्यायमूर्ती तेलंग आणि अर्जुनाचं धनुष्य

आज चिंतनाला गीतेचा पहिला अध्याय. अर्जुन काही भित्रा नव्हता. पण समोर आपलीच माणसं दिसली आणि गांडीव हातातून गळायला लागलं. इथे आलो की मला न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग आठवतात.

जन्म १८५० चा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८७२ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. संस्कृत पक्कं, त्यामुळे हिंदू कायद्यात त्यांचा शब्द वजनदार. त्याच काळात लॉरिन्सर नावाच्या जर्मन अभ्यासकाने दावा केला होता की गीतेतले विचार बायबलवरून घेतले आहेत. तेलंग चिडले नाहीत. १८७५ मध्ये त्यांनी गीतेचं इंग्रजी पद्यात भाषांतर केलं आणि सोबत मोठा निबंध लिहून, एकेक पुरावा मांडत तो दावा खोडून काढला. वय जेमतेम २५! पुढे १८८२ मध्ये मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत त्यांचं गद्य भाषांतर आलं. १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत सहभाग, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू.

आणि हाच माणूस घरात अडखळला. समाजसुधारणेच्या बाजूने जाहीरपणे बोलणाऱ्या तेलंगांनी घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवली आणि स्वतःच्या मुलीचं लग्न अगदी लहान वयात लावून दिलं. टीका भरपूर झाली, आणि ती रास्तच होती. किंमत मोजली ती त्या लेकीने. १ सप्टेंबर १८९३ ला, अवघ्या ४३ व्या वर्षी तेलंग गेले. हायकोर्टात त्यांच्या जागी न्यायमूर्ती रानडे आले.

मला त्यांच्यावर हसवत नाही. मीटिंगमध्ये तावातावाने बोलणारा मी, घरच्या कार्यात चुकीचं काही दिसलं तर ‘जाऊ दे, वाद नको’ म्हणून गप्प बसतो. गीतेचं ॲप मात्र रोज न चुकता उघडतो!

तेलंगांनी गीतेसाठी जगाशी वाद घातला. आपल्या माणसांपुढे त्यांचंही धनुष्य गळालं. अर्जुनाने ते पुन्हा उचललं, कारण आपलं काय होतंय ते त्याने कृष्णाला मोकळेपणी सांगितलं.

आजचा अभ्यास एवढाच: घरातली अशी एक गोष्ट आठवा, जिथे आपण गप्प बसलो. आज तिथे प्रेमाने, पण स्पष्ट बोलूया.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।