वर्धेचे झालेले जमनालालजी

वर्धा शहर तसे फार जुने नव्हे. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी ते जिल्ह्याचे मुख्यालय म्हणून वसविण्यात आले. पाठोपाठ लोहमार्ग आला, कापसाची बाजारपेठ उभी राहिली आणि राजस्थानातील अनेक व्यापारी कुटुंबे येथे स्थिरावली. पेढी वर्धेत, पण सोयरीक आणि ओढ मूळ गावाची, अशी या नवागतांची स्थिती. कापूस पिकविणारा शेतकरी आणि परप्रांतीय सावकार यांच्यात व्यवहार होता. आपलेपणा जुळायचा होता.

अशा काळात, ४ नोव्हेंबर १८८९ रोजी सीकरजवळील काशी का बास या गावी जन्मलेले जमनालाल बजाज बालवयातच शेठ बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक म्हणून वर्धेस आले. हे घराणे वैष्णव अग्रवाल. तथापि जैन धर्माने सांगितलेला अपरिग्रह जमनालालजींच्या आचरणात उतरला होता. सतराव्या वर्षी आजोबांनी संपत्तीवरून बोल लावताच त्यांनी तिच्यावरील हक्क लेखी सोडून दिला. पुढे ती लाभली, तेव्हा तिचे विश्वस्त म्हणूनच ते वागले.

१९१४ साली श्रीकृष्णदास जाजू यांच्या साहाय्याने त्यांनी शिक्षण मंडळ स्थापिले. समाजाच्या नावाचे मारवाडी विद्यालय पुढे नवभारत विद्यालय झाले. १९३७ ची राष्ट्रीय शिक्षण परिषद येथेच भरली. १९२१ साली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली आणि त्याच वर्षी त्यांच्या आग्रहामुळे विनोबाजी वर्धेस आले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास सोसला. १९२८ साली सनातनी स्वकीयांचा रोष पत्करून त्यांनी घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य बांधवांना खुले केले. १९३६ साली त्यांच्या मालगुजारीतील सेगाव येथे महात्माजी राहावयास गेले. तेच आजचे सेवाग्राम होय.

दैवाची गती विलक्षण! ज्या जयपूर संस्थानात त्यांचा जन्म झाला, त्यानेच १९३८ च्या अखेरीस त्यांना प्रवेशबंदी केली. तेथील प्रजेच्या हक्कांसाठी ती मोडून १९३९ मध्ये त्यांनी तुरुंगवास भोगला. जन्मभूमीशी नाते त्यांनी तोडले नाही. परंतु त्या नात्याच्या आड राहून कर्मभूमीशी परकेपणाही ठेवला नाही.

आयुष्याच्या अखेरीस गोसेवेचे व्रत घेतलेल्या जमनालालजींनी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्धेतच देह ठेवला. बाहेरून येऊन येथे समृद्ध झालेल्या प्रत्येक समाजासाठी त्यांचे जीवन हा वस्तुपाठ आहे. ज्या भूमीने अर्जन दिले, तिच्या सर्व लेकरांसाठी विसर्जन करावे. तेव्हाच ती भूमी आपली होते.