अंगावरचे केस काढले की पोहण्याचा वेग वाढतो? ‘डॉक’ काउन्सिलमन यांचं आयुष्य काय सांगतं

ऑलिम्पिकचे जलतरणपटू मोठ्या स्पर्धेआधी अंगावरचे केस काढतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंमुळे ही पद्धत जगाच्या डोळ्यात भरली.

तलावांचा जिल्हा असलेल्या भंडाऱ्यात पोरं गावतळ्यात खेळता खेळता पोहायला शिकतात. पण तिशी-चाळिशीत मन लावून शिकायला निघालेल्या माणसाला रील्स बघून प्रश्न पडतो, आपणही रेझर हातात घ्यायचा का? याचं उत्तर एका अमेरिकन कोचच्या आयुष्यात सापडतं.

जेम्स काउन्सिलमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९२० चा, अलाबामातला. लहानपण सेंट लुईसमध्ये गेलं. शाळेत अभ्यास यथातथाच. तिथल्या वायएमसीएमध्ये अर्नी व्हॉर्नब्रॉक हे कोच भेटले आणि त्यांनी या पोराला कॉलेजची वाट दाखवली. पुढे तो ब्रेस्टस्ट्रोकमध्ये राष्ट्रीय विजेता झाला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि तो बी-२४ बॉम्बर विमानाचा पायलट बनला.

युद्धानंतर काउन्सिलमन यांनी डॉक्टरेट केली. लोक त्यांना ‘डॉक’च म्हणायचे. १९५७ पासून ते इंडियाना विद्यापीठात कोच होते. पाण्याखाली कॅमेरा लावून ते पोहणाऱ्याचा हात नेमका कसा फिरतो, हे तपासायचे. त्यातून १९६८ मध्ये ‘द सायन्स ऑफ स्विमिंग’ हे पुस्तक आलं. त्यांच्या काही निष्कर्षांवर नंतर वाद झाले, पण अंदाजाऐवजी निरीक्षणावर शिकवण्याची सवय त्यांनी या खेळाला लावली.

१९६८ ते १९७३ इंडियानाने सलग सहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या अमेरिकन पुरुष संघाने १३ पैकी १२ सुवर्णपदकं नेली. इंडियानातला त्यांचा विद्यार्थी मार्क स्पिट्झ १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णपदकं जिंकला, सातही विश्वविक्रमी वेळेत. आणि तेही भरघोस मिशी ठेवून!

मग केस काढण्याचा उपयोग काहीच नाही का? आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात केस काढल्यावर खेळाडू एका स्ट्रोकमध्ये जास्त अंतर कापू लागले आणि त्यांच्या रक्तातलं लॅक्टेट कमी भरलं. पण ते सगळे मुरलेले स्पर्धक होते. त्यांच्या तंत्रात मोठी चूक उरलेली नव्हती, म्हणून एवढासा फरकही मोजता आला.

नवशिक्याचा वेग खातात ते खाली बुडणारे पाय, सारखं वर येणारं डोकं आणि रोखून धरलेला श्वास. शरीर पाण्यात तिरकं राहिलं की अडथळा इतका वाढतो की केसांचा हिशोब त्यात हरवून जातो. शिवाय घाईने केलेल्या शेव्हिंगने त्वचा कापली, तर क्लोरीनच्या पाण्यात चुरचुरते ते वेगळंच.

सप्टेंबर १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, काउन्सिलमन यांनी १३ तास ७ मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली. तोवर एवढ्या वयाच्या कुणी ती पोहून पार केली नव्हती. उतारवयात त्यांना पार्किन्सन्सने गाठलं आणि ४ जानेवारी २००४ रोजी ते गेले.

म्हणून मोठेपणी पोहायला शिकताना क्रम असा: आधी श्वास, मग शरीर आडवं ठेवणं, मग हात-पाय. रेझरचा नंबर सगळ्यात शेवटी, तोही स्पर्धेत सेकंदाचे भाग मोजायची वेळ आली तरच.